खुरपं धरणार असशील, तर हंगाम पुरा कर

वाचकाचं पत्र :

ताई, मी सोलापूर शहरात राहते, वय २६. बी.कॉम. करून चार वर्षं एका ऑफिसात अकाउंट्स बघते. वडील यंत्रमागावर होते, आता घरी असतात. मोहोळ तालुक्यात आईच्या माहेरी तिच्या वाटणीची सव्वादोन एकर जमीन आहे. ती सध्या वाट्याने दिली आहे. ती आपण कसावी, भाजीपाला करावा, असं माझ्या मनात फार दिवसांपासून आहे, पण शेतीतलं मला काही येत नाही. आईच्या ओळखीतले एक बागायतदार म्हणाले, "एक हंगाम आमच्याकडे राहून शिक. राहणं-जेवण आमच्याकडे, पगार मात्र नाही." वडील म्हणतात, "एवढं शिकवलं ते खुरपं धरायला का?" जाऊ का? बिनपगारी राहणं बरोबर आहे का? आणि एका हंगामात खरंच काही शिकून होतं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

जा. पण ज्या अटीवर बोलावलंय त्या अटीवर जाऊ नकोस, आणि 'महिनाभर बघून येते' अशा बेताने तर मुळीच नको. रोप टाकल्यापासून शेवटची पट्टी (विकलेल्या मालाचा बाजारातून मिळणारा हिशेबाचा कागद) हातात पडेपर्यंत थांबायची तयारी असेल, तरच नोकरी सोड.

महिनाभरात तुला काम कळेल. खुरपणी, लागण, तोडणी, जुड्या बांधणं याची हाताला लवकर सवय होते. पण शेती चालते ती निर्णयांवर, आणि घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही हे कळायला दोन-तीन महिने जातात. ऑक्टोबरात टोमॅटोच्या दोन सऱ्यांत अंतर किती ठेवलं, बांबू-तार कधी केली, याचा हिशेब डिसेंबरात धुकं पडून पिकावर करपा रोग आला की लागतो. त्या वेळी तू तिथे नसलीस, तर मालकांनी ऑक्टोबरात तसं का केलं होतं हे तुला कधीच समजणार नाही.

एका हंगामात किती शिकून होतं, हे पिकावर आहे. टोमॅटोची लागवड केल्यावर पहिला तोडा यायला साठ-सत्तर दिवस लागतात, पुढे दीड-दोन महिने तोडे चालतात. म्हणजे पाच महिन्यांत टोमॅटो तुला एकदाच दिसणार. कांद्याचं त्याहून लांब : रोपाला सहा-सात आठवडे आणि लागणीनंतर साधारण चार महिने. मेथी मात्र महिन्याच्या आत निघते, कोथिंबीर सव्वा महिन्यात. ज्या पिकाला पाच महिन्यांत चार वेळा हात लागतो, ते पीक नवख्याला जास्त शिकवतं, कारण मागच्या वेळी बी दाट पडलं होतं हे लक्षात ठेवून पुढच्या वाफ्यात ते सुधारता येतं. म्हणून मालकांकडे एक गुंठा मागून घे. म्हणावं, एवढ्यात मेथी-कोथिंबीर मी करते. बी किती, पाणी कधी, काढायची कधी ते मी ठरवते, तुम्ही फक्त चुकतंय तिथे टोका. नुकसान झालं तर बियाण्याचे पैसे माझ्याकडून घ्या. शिकवायची खरी इच्छा असलेला शेतकरी याला नाही म्हणणार नाही. आणि 'नाही' म्हणाले, तर त्यांना शिकाऊ माणूस नको, मजूर हवा आहे असं समज.

वेळेबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण ती महत्त्वाची आहे. गणपती उठले की जा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला भरवशाचा महिना सप्टेंबर. म्हणून तर सोलापूर रब्बीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मंगळवेढ्याची ज्वारी या परतीच्या पावसाच्या ओलीवरच उभी राहते. तू सप्टेंबरअखेर पोहोचलीस तर तुला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, ओळखायला शिकायला मिळेल, आणि काळ्या जमिनीत याच्याइतकं मोलाचं शिक्षण दुसरं नाही. पाऊस उघडल्यावर कोणत्या दिवशी रानात पाय घालायचा, औत कधी घालायचं, हे पुस्तकात दिवस मोजून लिहिता येत नाही. मूठभर माती दाबायची, मूठ उघडायची, ढेकूळ बोटाने ढकलून बघायचं. मालक रोज सकाळी हे करत असतील तेव्हा त्यांच्या शेजारी उभी राहा आणि तूही मूठ भर. ओल्यात घाई केली की काळं रान असं आवळतं की पुढे सगळा हंगाम त्याचे ढेकूळ फोडण्यात जातो.

तिथून होळीपर्यंत थांब. मध्ये वेळ अमावस्या येईल, गड्ड्याची जत्रा येईल. जत्रेला दोन दिवस घरी ये, पण वेळ अमावस्येला शेतावरच राहा. भज्जी आणि आंबिल घेऊन सगळं घर रानात येतं, आणि एरवी कामापुरतं बोलणारी म्हातारी माणसं त्या दिवशी जमिनीबद्दल मोकळेपणाने बोलतात.

पण हिवाळ्यावर विसंबून पुढचं ठरवू नकोस. थंडीत विहिरीला पाणी असतं, ऊन सोसतं, पिकं डोळ्यांत भरतात. एप्रिल-मेमध्ये त्याच शेतावर आठवडाभर परत जा. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं का, हीच चर्चा पारावर चालते. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्याला सहसा न मिळणारं तळाचं पाणी आहे. त्यामुळे आकडा ऐकून मोठं वाटणारं पाणी उन्हाळ्यात कालव्याला मिळेलच असं नसतं. त्या दिवसांत हे घर कोणतं पीक जगवतं आणि कोणतं डोळ्यांदेखत सोडून देतं, ते बघ. तुझ्या सव्वादोन एकरांत काय करता येईल, याचं उत्तर तिथे आहे.

आता पगार. राहणं-जेवण ही लहान गोष्ट नाही. त्या घरातली बाई पाच महिने तुझ्यासाठी जास्तीच्या भाकरी थापणार आहे, त्याची जाण ठेव. पहिले पंधरा दिवस तुझ्यामुळे कामाचा उलट खोळंबाच होईल, तेवढे दिवस बिनपगारी राहा, त्यात कमीपणा नाही. त्यानंतर मात्र शेजारच्या ओळीत खुरपणाऱ्या बायकांना जी हजेरी (दिवसाची मजुरी) मिळते, त्यातून जेवणाचे ठरतील ते पैसे वजा करून उरलेली हजेरी तुला मिळायलाच हवी. हे मी तुझ्या खिशापुरतं म्हणत नाही. टोळीत दहा बायका लागत असतील आणि अकरावी तू फुकट राबत असशील, तर चार दिवसांनी मुकादमीणबाईला निरोप जातो की उद्या नऊच आणा. तू शिकण्यासाठी फुकट दिलेल्या दिवसाची किंमत कुणाच्या तरी घरच्या पिठाने चुकती होते. तसं होऊ देऊ नकोस.

ठरेल ते एका कागदावर लिहा. कधी ते कधी राहणार, हजेरी किती, आठवड्यातला सुट्टीचा दिवस कोणता (गावच्या बाजाराचा दिवस सोयीचा), झोपायची जागा कुठे, दुखलं-खुपलं तर दवाखान्यात कोण नेणार. शेतावर शिकणाऱ्या माणसाला कंपनीतल्या अप्रेंटिससारखं कायद्याचं छत्र नाही, त्यामुळे तो कागद आणि मालकांचा शब्द एवढंच तुझ्या हातात असतं. जाण्याआधी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भर. वर्षाला २० रुपये जातात आणि दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. आणि पहिल्या खेपेला आईला बरोबर ने, एक रात्र तिला तिथे राहू दे. घरात बायामाणसं आहेत का, तुझ्या खोलीला आतून कडी आहे का, संडास घराजवळ आहे का, हे तिच्या नजरेला एका रात्रीत कळेल. यातलं एक जरी मनाला पटलं नाही, तर ती ओळख कितीही जुनी असो, दुसरं शेत शोधायचं.

तुला शिकवणार कोण, याचा तू विचार केला नसशील. मालक शिकवतील, पण ते निम्मा वेळ मोटरसायकलवर असतील : खताचं दुकान, रोपवाटिका, बाजार, वायरमन. दिवसभर तुझ्याबरोबर असतील त्या खुरपणाऱ्या बायका. कांद्याचं रोप किती खोल टोचायचं, भेंडी कोणत्या बोटाने मोडायची, गवत मुळासकट निघण्यासाठी खुरप्याचा कोन कसा धरायचा, वांग्याचा शेंडा मलूल दिसला की आत अळी आहे हे कसं ओळखायचं, हे त्यांच्या हातात आहे. त्यांना मावशी म्हण, आक्का म्हण, अक्कलकोटकडच्या असतील तर त्यांच्याकडून चार शब्द कानडी शीक. त्यांच्याबरोबर बांधावर बसून जेव, घरात मालकांच्या ताटाशेजारी नको. याच बायकांना पुरुषांपेक्षा कमी हजेरी मिळते, तेही दिवसभर वाकून. हा उघड अन्याय आहे. उद्या स्वतःच्या रानात मजूर लावशील तेव्हा तो मोडायचं तुझ्या हातात असेल.

त्यांच्याकडून कपड्यांचंही शीक. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, हा पोशाख ऊन, कुसळं आणि टोमॅटोच्या पानांची खाज या तिन्हींसाठी आहे. तू सलवारीवर तसाच शर्ट घाल. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मला गावोगाव दिसतात आणि पुढे लघवीच्या जळजळीने हैराण होतात. तू तसं करू नकोस. पाणी पी, आणि आडोशाची सोय काय आहे ते पहिल्याच दिवशी मालकीणबाईंना सरळ विचार. पहिले आठ दिवस कंबर आणि मांड्या इतक्या भरून येतील की परत जावंसं वाटेल. त्या आठ दिवसांत कोणताही निर्णय घेऊ नकोस.

शेतीपंपाची लाईट काही आठवडे रात्रीची असते, तेव्हा पाणीही रात्रीच धरावं लागतं. ते एकदा-दोनदा बघ, पण घरच्या माणसांसोबत. पायात गमबूट, हातात मोठी बॅटरी आणि काठी. घोणस आणि मण्यार आपल्याकडे आहेत. कुणाला चावलंच, तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही. तो अवयव न हलवता लगेच ग्रामीण रुग्णालय नाहीतर सोलापूरचं सिव्हिल गाठायचं, सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळतं. आणि ओल्या हाताने किंवा अनवाणी पायाने स्टार्टरच्या पेटीला हात लावायचा नाही, मालक स्वतः लावत असले तरी.

फवारणीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, हे आपण विसरता कामा नये. औषधाच्या डब्यावर चौकोन असतो, त्यात खालच्या बाजूला रंग असतो : लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. डबा हातात आला की आधी तो रंग बघ. शिकण्याच्या काळात लाल आणि पिवळ्या डब्याची फवारणी तू करायची नाहीस, पाणी आणून देण्यासाठीसुद्धा पंपाशेजारी थांबायचं नाहीस. त्याच लेबलवर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही तेही लिहिलेलं असतं. भेंडीची तोडणी दिवसाआड चालते आणि तिथेच माणसाची परीक्षा होते. जाण्याआधी मालकांना साधेपणाने विचार, "काका, आज फवारलं तर तोडा कधी?" लेबल बघून दिवस सांगणारा, नाहीतर तो तोडा फेकून देणारा माणूस मिळाला, तर बाकी दहा गोष्टी कमी असल्या तरी तिथे राहा. चिकट सापळे, कामगंध सापळे, निंबोळी अर्क वापरणारं शेत असेल तर आणखी बरं. त्यांनी सगळं सेंद्रियच करावं असा माझा हट्ट नाही, पण काय मारलं आणि कधी मारलं हे वहीत लिहिणारं घर हवं.

वहीवरून तुझ्याकडे येते. तुला शेती येत नाही, पण हिशेब येतो, आणि बऱ्याच शेतकरी घरांत नेमकं तेच राहून जातं. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबकची दुरुस्ती, सुतळी-बांबू, खत-औषध, मजुरी, गाडीभाडं, हमाली, तोलाई, आणि घरच्या माणसांच्या राबण्याची हजेरी. ही शेवटची रक्कम सहसा कुणी धरत नाही, म्हणून पीक परवडल्यासारखं वाटतं. मालकांना सांग की हंगामभर पीकवार वही मी लिहिते. ही तुझ्याकडून त्यांना खरी परतफेड होईल, आणि तुला प्रत्येक पट्टी बघायचा हक्क आपोआप मिळेल.

मालासोबत बाजारातही जा. हैदराबाद रोडवरची सिद्धेश्वर बाजार समिती तू बाहेरून पाहिली असशील. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्या लागतात तेव्हा आत जा, लिलाव ऐक, त्याच दिवशी एकाच गावच्या दोन कांद्यांना दोन भाव का लागले ते विचार : आकार, रंग, वाळवण, निवड. फळं-भाजीपाल्याची अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम राज्यात २०१६ पासून आहे. तेव्हा पट्टीत कोणकोणत्या नावाने काय कापलंय ते एकेक ओळ वाच. एखाद्या दिवशी भाव इतका पडेल की तोडणी आणि गाडीभाडंही निघणार नाही आणि मालक उभं पीक रोटाव्हेटर घालून मोडतील. तो दिवस तू तिथे असताना यावा, असं मी मनापासून म्हणते. त्या रात्री त्या घरात काय बोललं जातं ते ऐकून, आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या वाफ्यात काय लावतात ते बघून मगच स्वतःच्या जमिनीचं ठरव.

वडिलांशी वाद घालू नकोस. त्यांनी माग शिकला तो कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच, त्यामुळे हाताने शिकण्याची किंमत त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. घाम गाळून शेवटी हातात काही उरत नाही, ही त्यांची भीती आहे, आणि ती त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या गोष्टींतून आली आहे. तिला उत्तर आकड्यांनीच दे. पाच महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढ आणि ते पासबुक त्यांच्या हातात दे. परत नोकरीची वेळ आली तर काय करणार तेही सांग. ऑफिसात बिनपगारी रजा मिळते का ते विचारल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. लग्नाचा विषय निघेल. तेव्हा ठामपणे सांग की पाच महिन्यांनी काहीही बिघडत नाही. जानेवारीत टोमॅटोच्या तोड्याला त्यांना एक सकाळ शेतावर बोलव.

आणि जमिनीचं. तुझी शिकण्याची पाच महिन्यांची मुदत संपेपर्यंत वाटेकऱ्याला हलवू नका. त्याचं पीक रानात आहे, त्याचं पोट त्यावर आहे, आणि तू अजून कसायला तयार नाहीस. पण सातबारा आत्ताच काढून बघ. आईचं नाव त्यावर आहे ना, की कधीतरी 'फक्त सही' म्हणून हक्कसोड झालं आहे? मुलींचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क कायद्याने मुलांइतकाच आहे, तरी माहेर तुटायला नको म्हणून आपल्या कितीतरी आया सही करून मोकळ्या होतात. विहिरीत आईचा हिस्सा किती, पाण्याची पाळी कशी, वीजजोड कुणाच्या नावावर, रानात जायला वाट कुठून, हे मामांशी गोडीने बोलून घे. पाण्याचा हिस्सा नसेल तर सव्वादोन एकरांत भाजीपाल्याचा विचार करण्यात अर्थ नाही, मग तुरी-ज्वारीचाच हिशेब मांडावा लागेल, आणि ते हंगामाला जाण्याआधी कळलेलं बरं.

या शनिवारी सुट्टी असेल तर मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन ये. भाजीपाल्याची छोटी प्रशिक्षणं तिथे होतात. आईच्या रानातली माती पिशवीत घेऊन जा आणि तपासायला दे; नमुना कसा घ्यायचा ते आधी फोनवर विचारून घे, म्हणजे खेप वाया जाणार नाही. तिथल्या लोकांना त्या बागायतदारांबद्दलही विचार. तालुक्यात कोण कसं पिकवतं, हे त्यांना ठाऊक असतं.